पाठीमागचा पियानो

फितीच्या टोकाला चिकटवलेला पांढरा तुकडा – नखाएवढा, कडेनं पिवळा पडलेला, खालचा डिंक वाळून साखरेसारखा कणीदार झालेला – बोटाच्या उबेनं किंचित सुटला, आणि तिनं श्वास रोखला. तो निघून आला असता तर सगळी फीत रिळावरून सैल होऊन मांडीत आली असती, आणि ही शेवटची होती, हिच्यानंतर कपाटाच्या त्या खणात फक्त वाळवीच्या औषधाचा वास उरणार होता. तिनं तुकडा हलकेच दाबून बसवला. फीत खाचेत सरकवली. बटण दाबताना मनात आलं – ही तरी... आणि लगेच स्वतःचाच राग आला, कारण मोजायला बसलेल्या माणसानं ‘ही तरी’ म्हणायचं नसतं.

आधी कुणाचा तरी खोकला. खुर्च्या सरकल्याचा आवाज. मग पियानोचा एकच स्वर, इतका हळू की तो फक्त गाणाऱ्यांसाठी असावा, बाकीच्यांनी ऐकू नये – पांढरी चार, गीताची मूळ पट्टी. आईचं बोट. वर्षभरापूर्वी गेलेल्या माणसाचं बोट असं रोज सकाळी कानाशी येऊन एक पट्टी दाबतं, आणि ती रोज सकाळी स्वर मोजणाऱ्या संगणकाच्या पडद्यावरच्या आकड्याकडे बघते, कारण आकड्याकडे बघितलं की बोटाकडे बघावं लागत नाही. मग गायकवृंदाचे आवाज उठले, कुठल्याही साथीशिवाय, नुसते, आणि पडद्यावर त्यांची जाड रेघ उमटायला लागली. सहा कडवी. सहाव्यानंतर एक श्वास जाईल एवढी शांतता, आणि मग पियानोचा समारोप, दोन्ही हातांचा, भरघोस, टाळ्यांना हाक मारणारा. तिनं समारोपाचा आकडा पाहिला. पांढरी तीन. अर्ध्या स्वरानं खाली.

हीसुद्धा.

पहिल्या फितीच्या वेळी तिनं यंत्राला दोष दिला होता. जुनी यंत्रं लंगडतात, फीत कुठं हळू फिरते कुठं जोरात, आणि तिच्याबरोबर सगळं गाणं वरखाली होतं. पण प्रत्येक फितीत गाण्याच्या खाली अशी एक गोष्ट असते जी कुणी मुद्दाम मुद्रित केलेली नसते – विजेची गुणगुण. भिंतीतल्या तारांतून ती यंत्रात शिरते, तिची वारंवारता ठरलेली, आणि ती कुणाच्याच बाजूची नसते. फीत लंगडली तर तीही लंगडते. इथं ती लंगडत नव्हती. पडद्याच्या तळाशी एक बारीक सरळ रेघ, पट्टीनं आखल्यासारखी, आणि तिच्या वर सगळा वृंद कडव्यामागून कडवं हळूहळू खाली उतरत चाललेला – इतका एकत्र, एकमेकांना इतका धरून, की कुणालाच उतार लागत नव्हता. आणि पायथ्याशी, ते जिथं पोचतील नेमक्या तिथं, आई बसलेली.

संगीतशाळेचा इतिहास लिहायचं काम तिला मिळालं ते पदार्थविज्ञानाच्या पदवीमुळे मिळालं की बाबांची मुलगी म्हणून मिळालं, हे तिनं विचारलं नव्हतं. पहिली प्रकरणं लिहिताना मजा आली होती. शाळा सुरू झाली ती विद्यापीठानं उसन्या दिलेल्या दोन खोल्यांत, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेच्या बरोबर वर, आणि खालचे प्राध्यापक तक्रार करायचे की वर गाणं सुरू झालं की आमच्या तराजूचा काटा ठरत नाही. वरचे म्हणायचे, काटा गातोय, गाऊ द्या. मग स्वतःची इमारत झाली, सभागृह झालं, लाकडी फळ्यांच्या सरावाच्या खोल्या झाल्या. संस्थापकांनी नियम घातला की स्थापनादिनाचं गीत साथीशिवायच गायचं – वाद्य म्हणजे कुबडी, आणि कुबडीवर चालणाऱ्याला आपण चालतोय असं वाटू नये. हे सगळं होतंच. पण शाळेचं नाव झालं ते बाबांमुळे. वृंद हाती आल्यावर बाबांनी त्या गीताला शेवट जोडला: गाणं संपलं की पियानोनं मूळ पट्टीत समारोप वाजवायचा, म्हणजे सगळ्यांना कळेल की एवढा वेळ आधाराशिवाय गाऊनही वृंद जिथून निघाला तिथंच आहे. पुरावा. लोक त्या एका क्षणासाठी यायचे. त्या शांततेत श्वास धरून बसायचे, आणि पियानो जुळला की सभागृह उठून उभं राहायचं. ‘न उतरणारा वृंद’ – हे शब्द आता शाळेच्या कागदांवर नावाखाली छापलेले असतात.

आणि पुरावा देणारी मोजपट्टी मोजायच्या वस्तूबरोबर सरकत होती. दर वर्षी. कधी पांढरी तीन, एकदोनदा काळी दोनसुद्धा – म्हणजे पूर्ण एक स्वर, एवढ्या उतारावरून माणूस पडावा – आणि आई त्या एका श्वासात पांढरी चारवरचे हात उचलून, सगळी बोटं नवीन जागी ठेवून, काही घडलंच नाही अशी... तिच्या प्रयोगशाळेत असं कुणी केलं असतं तर त्याला परीक्षेला बसू दिलं नसतं. तिला हसू आलं. मग आलं नाही. यंत्राच्या वर भिंतीवर तो फोटो होता, सगळ्या पाहुण्यांना दाखवतात तो: बाबांचे हात हवेत, समोर वृंदाची तोंडं उघडी, आणि खूप मागे, बाबांच्या पाठीशी, अर्धवट कापला गेलेला पियानो आणि आईचा एक खांदा.

“झालं का माझं वाक्य?”

विभागप्रमुख बाई दारातच उभ्या होत्या, हातात चष्मा, चष्म्याच्या काडीनं मान खाजवत. आत येत नसत. फितींच्या वासानं त्यांना शिंका यायच्या.

“शेवटची फीत आत्ताच संपली, मॅडम.”

“मग? मला निबंध नकोय गं. एकच वाक्य. ‘शास्त्रीय मोजणीतूनही हे सिद्ध झालं आहे की’ आणि पुढं काय ते. खाली तुझं नाव, पदवी. विद्यापीठाच्या समितीत तिघं विज्ञानवाले आहेत, त्यांना गाणं म्हणजे लग्नातला गोंगाट वाटतो. आकडा दिसला की गप्प बसतात.”

“आणि आकडा नीट नसला तर?”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“नीट नसला म्हणजे?”

“म्हणजे... फिती जुन्या आहेत.”

“हे बघ, शाळा ललित कला विभागात विलीन करायचा कागद तयार आहे. त्या खालच्या खोल्यांत आत्ताच परीक्षेचे गठ्ठे आलेत, बघितलेस ना? आपल्याकडे दाखवण्यासारखं काय आहे? विद्यार्थी? दोन वर्षांत पहिल्या वर्गाला बाकं भरली नाहीत. आपल्याकडे तुझे बाबा आहेत, बस.” मग आवाज खाली आणून, “फिती जुन्या असतील तर तसं लिहू नकोस. संध्याकाळपर्यंत पाठव. छापखानेवाला माझा जीव खातोय.”

त्या गेल्या. जिन्यावरून त्यांची शिंक ऐकू आली, एक, मग दुसरी.

संध्याकाळपर्यंत एक वाक्य. लिहिलं तर ते खोटं, आणि त्याच्याखाली माझं नाव, त्याच हातानं जो कालपर्यंत दशांशाच्या तिसऱ्या जागेवरून भांडायचा. नाही लिहिलं तर... शाळा जाईल हे तिला फार टोचत नव्हतं, खरं सांगायचं तर. शाळा तशीही जायचीच होती. टोचत होतं ते घरात, खिडकीपाशी, बंद पियानोला टेकून बसलेलं माणूस, बाबा, ज्यांनी सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरत विचारलं होतं – मोजून झालं का गं? आणि काल विचारलं होतं. आणि परवा. वर्षभरात त्यांनी दुसरं काहीच विचारलं नव्हतं, औषध कुठलं तेसुद्धा नाही.

दुपारी डबा घेऊन ती मागच्या पायऱ्यांवर गेली तर खर्जकाका तिथं आधीच बसलेले. ते हिशेब विभागात होते, आता निवृत्तीला आले होते, पण तरुणपणी वृंदाच्या शेवटच्या रांगेत उभे राहून सगळ्यात खालचा आवाज लावायचे, म्हणून हे नाव. बोलायला लागले की पायरी थरथरते असं मुलं म्हणायची.

“ये. बस. इतिहास जेवतो का दुपारी?”

“जेवतो. तुमच्यासारखा दोनदा नाही.”

“तोंड आईचं नाही घेतलंस तू, सरांचं घेतलंस,” ते खूष होऊन म्हणाले.

तिनं डबा उघडला. मग, जणू डब्यालाच विचारल्यासारखं, “काका, गाताना कधी वाटायचं का, की आपण उतरतोय?”

“आम्हाला?” ते हसले. “कसं वाटणार? शेजारचा उतरला की मी उतरणार, मी उतरलो की पुढची रांग. गर्दीत वाहत जातो तसं. आपण कुठं आलो हे शेजारच्याला बघून ठरवायचं, आणि शेजारचा आपल्याला बघतोय.” त्यांनी बोट पुसलं. “पण उतरायचो नाही ना आपण. शेवटी पियानो जुळायचाच की.”

“दर वर्षी?”

“दर वर्षी. एक वर्ष सोडून. त्या वर्षी पियानो नव्हताच.”

तिला माहीत होतं. त्या फितीत सहाव्या कडव्यानंतर सरळ टाळ्या होत्या, जरा गोंधळलेल्या, उशिरा सुरू झालेल्या. तिनं तिथं ‘समारोप नाही’ एवढंच टिपून ठेवलं होतं.

“का नव्हता?”

“अगं, तुझ्यामुळेच. तू पोटात होतीस, तुझ्या आईला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं. दुसरी एक पियानोवाली तयार होती, चांगली होती, सुरुवातीचा स्वर तिनंच दिला. पण सर म्हणाले, यंदा शेवट नको. लोक नाराज झाले. आम्हीसुद्धा. पण सरांना कोण विचारणार?” ते उठले, गुडघा धरून. “नवऱ्याचा जीव असतो एकेकाचा बायकोवर. दुसऱ्या कुणाला तिच्या जागी बसू दिलं नाही. हे घाल पुस्तकात, असलं वाचायला आवडतं लोकांना.”

ते गेल्यावर ती तशीच बसून राहिली, घास हातात. दुसरी पियानोवाली. चांगली होती. म्हणजे तिनं पांढरी चारच वाजवली असती. तिला दुसरं काही वाजवायचं कारणच नव्हतं, तिनं समोर लिहिलेलं वाजवलं असतं, आणि भरल्या सभागृहात... बाबांना हे माहीत असल्याशिवाय बाबांनी तिला थांबवलं नसतं. किंवा खर्जकाका म्हणाले तसं, नुसतं प्रेम. दोन्हींतून तीच कृती निघते. एका निरीक्षणाला दोन गृहीतकं पुरतात तेव्हा निष्कर्ष काढायचा नसतो, आणखी मोजायचं असतं – पण काय मोजू, आई?

परत जाताना तिनं खालचा रस्ता घेतला, सरावाच्या खोल्यांवरून. एका दाराआडून कुणीतरी तीच एक ओळ पुन्हा पुन्हा घासत होतं. बाकीच्या खोल्यांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छतापर्यंत, काचेला धूळ. कोपऱ्यातली खोली प्रवेशपरीक्षेची. तिच्यापुढं ती सहसा थांबत नसे. आजही थांबायचं नव्हतं, पाय थांबले.

तिच्या परीक्षेच्या दिवशी आत तिघं परीक्षक होते. बाबा नव्हते, मुलीच्या वेळी त्यांना बसता आलं नसतं. ते इथं, या भिंतीला टेकून उभे होते. आणि तिला भीती वाटत नव्हती. नंतर तिनं सगळ्यांना सांगितलं की मी घाबरले होते – पण आत जाताना तिला भीती वाटत नव्हती, कारण घरी लहानपणापासून रोज संध्याकाळी तिनं हेच केलं होतं: आईनं एक स्वर द्यायचा, हात मांडीवर घ्यायचे, तिनं एकटीनं सगळं गायचं, आणि शेवटी आईनं पट्टी दाबायची. बघ. तिथंच आहेस. रोज. रोज तिथंच. आणि त्या खोलीत तिनं गाणं संपवलं, कुठल्याशा अनोळखी माणसानं पियानोवर मूळ स्वर दाबला, आणि तो तिच्या आवाजाच्या वर कुठंतरी लागला, परक्या घराची घंटा वाजावी तसा. परीक्षक चांगले होते. एकजण म्हणाला, दडपण येतं मुलांना. बाहेर आल्यावर बाबांनी तिची पिशवी घेतली आणि रस्ताभर एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी परत बसता आलं असतं. ती बसली नाही. ती अशा गोष्टींकडे गेली ज्या आपल्या जागेवरून हलत नाहीत – प्रकाशाचा वेग, पाण्याचा उत्कलनबिंदू... तोही दाबाबरोबर हलतो, हे नंतर कळलं.

दडपण. एवढी वर्षं ती त्या शब्दाला धरून होती. एक वाईट दिवस, एक घाबरलेली मुलगी, आणि त्या दिवसाआधीच्या सगळ्या संध्याकाळी खऱ्या. पण रोज संध्याकाळी, बघ, तिथंच आहेस म्हणताना, आईचं बोट – कुठं होतं? मी कधी पियानोकडे पाहिलंच नाही. मी आईच्या तोंडाकडे पाहायचे.

आतली ओळ थांबली. दार उघडायच्या आत ती पुढं निघाली.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा खोलीत उजेड कमी होता आणि बाबांनी दिवा लावला नव्हता. खिडकीपाशी त्यांची आकृती, एक कोपर पियानोच्या झाकणावर. झाकणावर औषधाच्या बाटल्या, वर्तमानपत्र, आईचा चष्मा अजून.

“आलीस?”

“हो. दिवा का नाही लावला, बाबा?”

“दिसतंय की.” मग, ती पाण्याचा पेला भरत असताना, “झालं मोजून?”

“झालं.”

तिनं दिवा लावला, बाटल्या जरा सरकवल्या, उगाच. विभागप्रमुख बाईंचे दोन संदेश आले होते. तिनं फोन पालथा ठेवला. आत्ता बोलायचं. आत्ता म्हणायचं – बाबा, तुम्ही उतरत होता, सगळे मिळून, दर वर्षी. आणि मग काय? माणसाचं आयुष्य आहे ते, आकडा नाही. किंवा म्हणायचं, जुळतंय सगळं. आणि ती बोलायच्या आधीच तिला जाणवलं की ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघतेय, ते आत्ता नेमके कुठं पोचलेत ते शोधतेय, म्हणजे तिथंच वाक्य ठेवता येईल, हलकेच, दोन्ही हातांनी... तिनं नजर काढून घेतली.

“माझ्या जन्माच्या वर्षी,” ती म्हणाली, “शेवट का नाही वाजवला?”

“कोण म्हणालं?”

“फीत.”

बाबांनी झाकणावरून हात फिरवला, धूळ आहे का बघावी तसा. “तुझी आई नव्हती.”

“दुसरं कुणीतरी होतं ना.”

“होतं.” त्यांनी बोटं धोतराला पुसावीत तशी मांडीवर पुसली. “दुसरं कुणी म्हणजे दुसरंच कुणी.”

यातून काहीही निघत नव्हतं. त्यांचा आवाज सरळ होता, तळाच्या त्या रेघेसारखा, आणि तिला वाटलं, आपण यांना कितीही वेळ ऐकलं तरी यांच्याखाली काय आहे ते कळणार नाही.

“पियानो समोर आणा म्हणायचे लोक,” ते स्वतःशीच म्हणाले. “फोटो चांगला येईल म्हणून. मी म्हटलं, राहू दे. पाठीमागंच बरा.”

ती पियानोच्या कडेला टेकली. विचारायचं होतं ते वेगळंच, आणि तोंडातून निघालं ते तिनं ठरवलेलं नव्हतं.

“बाबा. मी लहानपणी गायचे तेव्हा, घरी... उतरायचे का हो मी?”

त्यांनी वर पाहिलं. मोतीबिंदूनं डोळे निळसर झाले होते; ते आपल्याकडे बघतायत की आपल्या मागं, हे आता सांगता येत नसे.

“तुझी आई वाजवायची तोवर,” ते हळूच म्हणाले, “कधीच नाही.”

आणि हसले. कौतुकानं हसले की... तिला कळलं नाही. ते खिडकीकडे वळले. रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं लोखंडी दार खाली ओढत होतं, तो आवाज लांबवर घसरत गेला.

ती तिथंच उभी राहिली. वर्षभर तिनं आईला जपून ठेवलं होतं, घडी न मोडलेल्या कपड्यासारखं: आईचे हात, आईचा आवाज, बघ-तिथंच-आहेस, आणि त्या सगळ्याला तिनं कधी नख लागू दिलं नव्हतं. आता दुःख येईल म्हणून तिनं वाट पाहिली, पण आलं ते दुःख नव्हतं. राग होता. सांगायचं होतंस मला. एकदा तरी सांगायचं होतंस, त्या खोलीत जायच्या आधी, मी नऊ वर्षांची असताना, दहा वर्षांची असताना, की थांब, खाली आलीस, पुन्हा म्हण. मी रडले असते. मी पुन्हा म्हटलं असतं. बाबांनाही सांगायचं होतंस. तू काय समजलीस आम्हाला – आम्ही सगळे पडून मरू? तिला आईशी भांडायचं होतं, आत्ता, मोठ्यानं, दारं आपटून, जसं ती जिवंत असताना कधीच भांडली नव्हती, कारण आई भांडणातसुद्धा आपण असू तिथं येऊन उभी राहायची आणि भांडायला समोर कुणी उरायचं नाही. आता उरलं होतं कुणीतरी. समोर, अगदी हाताच्या अंतरावर, घामेजलेलं कपाळ, चष्मा वर सरकवायची ती लकब – इतक्या जवळ आई वर्षभरात आली नव्हती.

“काय लिहिलंस मग?” बाबांनी खिडकीकडे तोंड करूनच विचारलं.

तिनं पालथा फोन तसाच राहू दिला. तिला अजून आईशी भांडण संपवायचं होतं.